व्याह्यांची कराची

दोन हजार एक साली मी सहासष्ट वर्षांचा होतो, आणि तोवर मला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती, की एका गावाबद्दल माझ्या व्याह्यांइतकं बोललेला माणूस आख्ख्या पोलादपूर तालुक्यात झालेला नाही. आमच्याकडं बोलणाऱ्यांची कमतरता नाही. पण ते बोलतात ते आपल्या गावाबद्दल, फार तर महाडच्या बाजाराबद्दल. आमचे व्याही ज्या गावाबद्दल बोलत ते तालुक्यात नव्हतं, जिल्ह्यात नव्हतं, आणि सत्तेचाळीस सालापासून देशातही नव्हतं. त्यांचा जन्म कराचीचा.

त्यांचे वडील तिकडच्या गोदीत ओझी उचलायला होते. आमच्या बाजूची माणसं पोटासाठी मुंबईला जातात हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या काळी मुंबईत जम बसला नाही की काही जण दुसऱ्या बोटीत बसून पुढं कराची गाठत, हे आताच्या पोरांना सांगून पटत नाही. व्याह्यांची आई तिकडेच वारली, तेव्हा हे आठनऊ वर्षांचे असतील. पुढं फाळणीच्या गडबडीत वडिलांनी पोराला बोटीत घातलं, मुंबईत उतरवलं आणि तिथून आमच्या डोंगरावरच्या आपल्या वाडीत आणून सोडलं. आमचं गाव खाली, कापडे गावाच्या पुढं, भातखाचरांच्या कडेनं. वाडी वर, जिथं बैलगाडीसुद्धा जात नाही. मोजकी घरं, उतारावर नाचणी आणि वरी, बाकी सगळा कारभार शेळ्यांचा आणि म्हशींचा. ट्राम बघितलेलं पोर अशा ठिकाणी आलं आणि मग जन्मभर तिथंच राहिलं. अंगानं ते वाडीत आले, जीभ तेवढी तिकडं राहिली.

जगातली कुठलीही गोष्ट त्यांच्यासमोर काढा, ती कराचीत याहून मोठी, गोड, गरम किंवा गार असायची. एकदा मे महिन्यात आम्ही दोघं कापड्याच्या थांब्यावर एस.टी.ची वाट बघत उभे होतो. डांबर वितळून वहाणेला चिकटत होतं. मी सहज बोलून गेलो, "आज ऊन जास्त हाय." व्याही लांब रस्त्याकडं बघत म्हणाले, "कराचीत असं ऊन थंडीच्या दिवसांत पडायचं." दासगावची मासेवाली पाटी घेऊन वर आली आणि तिनं चांगलं हातभर पापलेट दाखवलं, तर ह्यांनी ते दोन बोटांत धरून परत ठेवलं आणि तिला सांगितलं की केमाडीच्या धक्क्यावर पापलेट यायचं ते एवढं, का डोकं आमच्या चुलीवर शिजायचं आणि शेपटी शेजारणीच्या. ती बाई मुरलेली होती. ती म्हणाली, "मग आज शेजारणीकडंच जेवा, दादा," आणि पाटी उचलून चालू लागली. त्या दिवशी वाडीत आमच्या विहीणबाईंनी वालाचं बिरडं केलं आणि ते ह्यांनी एक शब्द न बोलता खाल्लं. बिरड्याबद्दल कराचीचं काही म्हणणं नव्हतं.

अंतर ते मैलात किंवा किलोमीटरात सांगत नसत. ट्रामच्या थांब्यांत सांगत. वाडीपासून आमचं घर चार थांबे, कापडे सात, आणि पोलादपूर म्हणजे शेवटचा थांबा, तिथं ट्राम वळते. नवखा माणूस वाट विचारायला आला आणि ह्यांना भेटला, तर तो गेलाच. कातरवेळेपर्यंत तो करवंदीच्या जाळीत थांबे शोधत हिंडलेला मी स्वतः बघितला आहे.

त्यांच्या शेळ्यांची नावं तर बाजारातही प्रसिद्ध होती. दुसऱ्यांच्या शेळ्या काळी, बांडी, शिंगी. ह्यांच्या शेळ्या सदर, केमाडी, क्लिफ्टन आणि लयारी. ही सगळी कराचीतली मोहल्ल्यांची आणि बंदरांची नावं. सांजच्याला डोंगराच्या टोकावर उभे राहून ते एकेक हाक मारीत, आणि आख्खं शहर शेपट्या हलवत रानातून खाली येई. सगळ्यांत लाडकी लयारी. त्या मोहल्ल्यात त्यांची खोली होती. ती शेळी मेली की तिच्या पाठीला, म्हणजे मादी करडाला, लयारी नाव लागे, त्यामुळं माझ्या आठवणीत तरी लयारी कधी मेलीच नाही.

आणि एक कोट होता. काळा, जाड, लोकरी, वडिलांना कुणा साहेबानं दिलेला. बाह्या लांब, खांद्यावरून ओघळलेला, एका खिशाला मांजरपाटाचं ठिगळ. लग्नात, मयतात, ग्रामसभेत, जिथं चार माणसं तिथं कोट. वैशाखातल्या लग्नात ते घामानं निथळत पंगतीला बसत, आणि कुणी म्हणालं, "काढा की कोट," तर म्हणत, "ह्याच्यात कराचीची हवा भरलेली हाय. काढला तर जाईल."

माझी थोरली त्यांच्या मुलाला दिली. मुलगा मुंबईला एका कंपनीत, लेक वाडीवर सासूसासऱ्यांजवळ. सोयरिकीच्या बैठकीला ते कोट घालून आले आणि दोन्ही बाजूंची माणसं पान खाऊन मुद्द्यावर येणार तेवढ्यात कुणीतरी चुकून म्हटलं की आज चहा चांगला झाला. तिथून जी कराची सुरू झाली ती दिवस मावळेपर्यंत. शेवटी माझे चुलते उठले आणि म्हणाले, "पोरगी दिली. आता थांबा." मी शाळा चार यत्तासुद्धा धड केलेली नाही, पण माणसाला कुठं थांबवायचं ते मला कळतं. लग्न झालं तेव्हापासून मी एक नेम केला. व्याह्यांच्या तोंडून कराची निघाली की मी बाजूला ठेवलेली टोपी उचलायची, डोक्यावर घालायची आणि उठायचं. भांडण नाही, तंडण नाही. टोपी. ते काय ते समजत. "बसा हो व्याहीबुवा, उरलेलं सांगत नाय," असं म्हणत, पण मी बसत नसे. पंधरा वर्षं हा नेम मी मोडला नाही. वाडीवर गेलेला मी कधी पाऊण तासाच्या वर टिकलो असेन असं वाटत नाही.

त्या दोन हजार एक साली जनगणना आली. भात झोडून झालेलं, खाचरांत वाल फुलावर आलेला, माणसं जरा मोकळी होती, आणि मोकळ्या माणसांना बोलायला विषय लागतो. कापड्याच्या थांब्यासमोर चहाची टपरी आहे. तिथं एक निवृत्त एस.टी. कंडक्टर रोज पेपर वाचून दाखवायचा. एके सकाळी त्यानं वाचलं की दिल्लीत कुणाचं म्हणणं पडलंय, की माणसं मोजायचीच आहेत तर देशाचा कोण आणि बाहेरचा कोण हेही त्याच वेळी विचारून घ्यावं. झालं. टपरीवर दोन तट पडले.

कंडक्टर म्हणाला, "विचारायलाच पायजे. गाडीत बसलेल्याला तिकीट विचारलं तर त्यात अपमान कसला? ज्याच्याकडं हाय तो दाखवील. नाय तो खिसे चाचपील."

"आणि ज्याचं वाऱ्यानं उडालं तो?" टपरीवाला म्हणाला. "त्याला काय घाटात उतरवणार?"

"मी उतरवलेत."

"म्हणून तुमच्या पोरीच्या लग्नाला माणसं कमी होती."

सगळे हसले. टपरीवाला फडकं झटकत पुढं म्हणाला, "मोजणी मोजणीसारखी करा. मार्चात चवदार तळ्यावर केवढी माणसं येतात लांबून लांबून. पाण्याजवळ उभ्या ऱ्हायलेल्याला कोण विचारतो का, तू कुठला?"

मी कंडक्टरच्या बाजूचा होतो, आणि ते मी मोठ्यानं सांगितलं. माझ्या सात पिढ्या ह्या मातीत गेल्या. माझा बाप ह्याच घरात जन्मला, मी ह्याच घरात जन्मलो. मला कुणी विचारायला आला तर मी उंबऱ्यावर उभा राहून सांगीन. ज्याला सांगता येत नाही त्यानं घाबरावं.

हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळे व्याह्यांकडं बघतायत. ते कोपऱ्यातल्या बाकावर कोट घालून बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि शांतपणे म्हणाले, "शेळ्या मोजताना कान धरायचा नसतो."

"म्हंजे?" कंडक्टरनं विचारलं.

"कुणाची शेळी ते कानाच्या कापावरून वळखतात. पण मोजतेवेळी कान धराया गेलात का कळप फुटला. परकी पळंल ती पळंलच, तुमची घरची पण रानात जाईल. मग आकडा पण चुकला आणि शेळी पण गेली. आधी दारातनं एकेक सोडावी, मोजावी. कान मागाहून बघावा."

हे बोलणं चांगलं होतं. मी तेव्हा कबूल केलं नाही, कारण मी दुसऱ्या बाजूचा होतो. कंडक्टर पेपरची घडी घालत म्हणाला, "आणि तुमचा कान कुठला, पावणं? कराचीचा ना?"

त्यानं काही वाईट मनानं विचारलं नव्हतं. टपरीवर तशीच बोलायची रीत आहे. सगळे हसले. व्याही हसले नाहीत. कराचीचं नाव समोरून आलं आणि ते काही बोलले नाहीत, असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. मी सवयीनं टोपीला हात घातला होता. तो तसाच राहिला.

त्यानंतर ते खाली यायचे बंद झाले. काही दिवसांनी लेक ताकाची लोटी घेऊन घरी आली, आणि चुलीशी बसून आईला सांगू लागली. मी पडवीत होतो, पण आमच्या घरात पडवीत सगळं ऐकू येतं.

"मामंजींनी कोट पेटीत घातला गो आये. आणि शेळ्यांची नावं बदलली."

"काय ठेवली?"

"गंगी, यमुनी, गोदी आणि सरू. पण शेळ्या ऐकत नायत. सांजच्याला मामंजी 'गंगे, गंगे' करत डोंगरभर हिंडतात, आणि ती त्यांच्या तोंडाकडं बघत उभी ऱ्हाते. मग कोणी नाय असं बघून मीच हळूच 'लयारी' म्हणते. मंग येतात सगळ्या."

माझी बायको हसली. लेक हसत नव्हती. "सासूबाय बोलतात, ते रातचे झोपत नायत," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी मी वर गेलो. व्याही अंगणात म्हशीचं दावं वळत बसले होते. साधा सदरा, कोट नाही. बिनकोटाचे ते निम्मेच दिसत. थोडा वेळ आम्ही पावसापाण्याचं बोललो आणि त्यात एकदाही ट्राम आली नाही. मग तेच म्हणाले, "व्याहीबुवा, मोजणीवाली आली का मी सांगणार, जन्म हितला म्हणून. ह्याच वाडीतला. कोणी तुमाला विचारलं तर तुमी हो म्हणाल?"

मी म्हटलं, "मी खोटं बोलत नाय. पण विचारल्याशिवाय बोलत पण नाय."

"पुरे तेवढं," ते म्हणाले. "पोराची कंपनी हाय, नातवाची शाळा हाय. माझ्या एका नावापायी उद्या कोणी त्यांना बोलायला नको, का तुमचा म्हातारा तिकडचा." दोरीला पीळ देता देता ते थांबले. "पण एक हाय. हितं जन्मलो म्हणून लिवून दिलं, तर माझी आयस तिकडं होती कशाला? तिचं काय ऱ्हायलं नाय माझ्याजवळ. फोटो नाय, भांडं नाय. तिला जाळली ती जागासुदा त्यांच्याकडं गेली. मी कराची कराची करतो, ते तेवढंच हाय तिचं. ते पण पुसायचं म्हंजे..."

वाक्य त्यांनी सोडून दिलं. आणि मी टोपी घातली. ह्या वेळेला ते 'बसा हो' म्हणाले नाहीत.

मोजणीला आमच्या शाळेतल्याच बाई आल्या. घाटावरच्या, तरुण, बोलणं पुण्याचं. सकाळी त्या माझ्या दारात आल्या तेव्हा मी ठरवल्याप्रमाणं उंबऱ्यावर उभा होतो. नाव झालं, वय झालं, शिक्षण झालं. शिक्षण झालं म्हणजे लगेच झालं. मग त्यांनी विचारलं, "जन्म कुठला, आजोबा?"

"हितला. ह्याच घरातला."

बाईंनी लिहायला पेन टेकवलं आणि परत उचललं. "एक विचारू का? सकाळपासून मी सगळी खालची आळी लिहिली. प्रत्येक जण म्हणतो जन्म इथलाच. पण परवा हळदीकुंकवाला तुमच्या सगळ्या बायका मला सांगत होत्या, की पहिलं बाळंतपण माहेरीच करायची इथं रीत आहे. मग गावातली थोरली मुलं इथं जन्मली कशी?"

मला काही सुचायच्या आत चुलीकडून माझ्या बायकोचा आवाज आला. "यांचा जन्म दासगावचा."

"गप गो."

"गप कशाला? सासूबाय सांगायच्या ना. म्हायेरी गेल्या ते होडीतनं उतरल्या आणि धक्क्यावरच कळा लागल्या. बारसं पण तिकडंच झालं. हितं आणले तवा मान धरलेली होती यांनी."

मी बाईंना म्हटलं, "जन्म कुठला म्हंजे गाव कुठला, असंच विचारता ना?"

"नाही, आजोबा. जन्म कुठला म्हणजे जन्म कुठला."

आमच्याकडं हा फरक कुणी कधी केलेला नव्हता. मूल आईच्या माहेरी जन्मतं, पण ते जन्मतं बापाच्या गावचंच. होडी, धक्का, आजीचं घर, हे सगळं बायकांच्या बोलण्यात राहतं. पुरुषांच्या बोलण्यात सात पिढ्या राहतात. बाईंना पुन्हा सगळी खालची आळी फिरावी लागली, आणि ह्या वेळेला त्यांनी पुरुषांना विचारलंच नाही, सरळ स्वयंपाकघरात हाक दिली. त्या दुपारपर्यंत आमच्या गावातले निम्मे पुरुष परगावचे निघाले. एक विन्हेऱ्याचा, एक तुडीलचा. तिकीट विचारायला निघालेला कंडक्टर तर खेडचा निघाला, म्हणजे जिल्ह्याच्याच बाहेरचा. त्याच्या आईनं स्वतः सांगितलं. म्हातारी नव्वदीची होती, पण ते बाळंतपण तिला कालच्यासारखं आठवत होतं.

जेवणं झाल्यावर बाईंना वाडीवर जायचं होतं. वाट दाखवायला मी निघालो. वाट काही कठीण नव्हती. पण व्याही काय सांगतात ते मला ऐकायचं होतं.

ते ओटीवर तयारीनं बसले होते. धुतलेला सदरा, केसांना तेल. माझी लेक दाराआड उभी होती, विहीणबाई तिच्या मागं. बाईंनी कागद मांडीवर घेतले आणि सुरुवात केली. नाव, वय. जन्म कुठला.

व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मांडवावरच्या भोपळ्याच्या वेलाकडं बघितलं.

"हितला," ते म्हणाले.

बाईंनी एक श्वास सोडला. दिवसभर त्यांनी हेच ऐकलं होतं. "इथला म्हणजे खरंच इथला, आजोबा, का तुमच्या व्याह्यांसारखा?"

"व्याह्यांसारखा म्हंजे?"

"ते दासगावचे निघाले. निम्मं गाव बाहेरचं निघालंय."

व्याही हळूहळू माझ्याकडं वळले. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं. "उंबऱ्यावर उभे ऱ्हाऊन सांगितलंत?" त्यांनी मला विचारलं.

"हिनं सांगितलं, चुलीकडनं," मी म्हटलं.

तेवढ्यात ओटीच्या कडेनं काळं बांडं तोंड वर आलं. लयारी, म्हणजे त्या दिवसांतली गंगी, दोन पाय पायरीवर ठेवून उभी राहिली आणि बाईंचा पदर चघळायला लागली. बाई घाबरून ओढू लागल्या तशी ती जास्तच ओढू लागली. व्याही उठले. "गंगे, हट. गंगे, सोड. गंगे." गंगी डोळे मिटून चघळत होती. पदराचा काठ जवळजवळ आत गेला, बाईंच्या हातातले कागद घसरायला लागले, आणि दाराआडून माझ्या लेकीचा रडवेला आवाज आला, "मामंजी, हाक मारा ना तिला."

"लयारी," व्याही म्हणाले. ओरडून नाही. घरच्या माणसाला म्हणावं तसं.

शेळीनं पदर सोडला, कान हलवला आणि त्यांच्या गुडघ्याला डोकं घासून उभी राहिली.

"लयारी?" बाई पदर पिळत म्हणाल्या. "हे कसलं नाव?"

व्याही बराच वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग परत खाली बसले, मांडी घातली आणि सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या.

"लिवा, बाई," ते म्हणाले. "माझ्या आयशीचं म्हायेर पण दासगावच. पयल्या बाळंतपणाला ती दासगावला यायची होती. बोचकं बांधून ठेवलेलं, बापूस सांगायचा. पण बेत लांबत लांबत आषाढ लागला. पावसात दासगावची बोट बंद. मुंबईपातूर आली असती, पुढं पोटुशी बाय डोंगरातनं कशी आणायची? म्हणून ऱ्हायली. बोट चालू असती, तर मी पण ह्यांच्यासारखा दासगावचा. नव्हती, म्हणून कराचीचा. कराची लिवा."

बाईंनी लिहिलं. मग कागदावर बोट फिरवून म्हणाल्या, "देशाबाहेरचा जन्म असला तर देशाचं नाव लिहावं लागतं, आजोबा. पाकिस्तान लिहू?"

"मी जन्मलो तवा तसं काय नव्हतं. तवा नुसती कराची होती."

"पण आता आहे ना."

"मग लिवा. पण त्याच्या खाली लिवा, का बोट बंद होती."

"तेवढी जागा नाहीये हो."

"बारीक लिवा."

"बारीक लिहिलं तरी नाही बसणार."

"मग ध्यानात ठेवा," व्याही म्हणाले, आणि बाईंनी मान डोलावली. त्या पुढचे प्रश्न विचारत गेल्या, हे सांगत गेले. भाषा कुठली, काम कुठलं. शेवटी त्यांनी कागद गोळा केले आणि पिशवीत घालायला लागल्या.

"आणि तो?" व्याह्यांनी विचारलं.

"कुठला?"

"देशाचा हाय का भायेरचा, तो."

"तो प्रश्न नाहीच आहे यात," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, तेवढं त्यांनी पाळलं. इतके दिवस त्या एका प्रश्नासाठी त्यांनी शेळ्यांची नावं बदलली, कोट पेटीत घातला, झोप घालवली, आणि तो प्रश्न कागदावर नव्हताच. कुणालाही हायसं वाटलं असतं. त्यांना वाटलं नाही. ते जरा पुढं सरकले.

"नसला तरी विचारा," ते म्हणाले.

बाईंना उशीर होत होता. अजून तीन घरं होती. पण त्या शिकलेल्या असून चांगल्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि वर्गात विचारतात तसं नीट विचारलं, "आजोबा, तुम्ही ह्या देशाचे नागरिक आहात का?"

"हाय," व्याही म्हणाले.

त्या उत्तरालाही कागदावर जागा नव्हती. बाई उठल्या, लेकीनं त्यांना शेजारचं घर दाखवलं, आणि मीही टोपी घालून खाली आलो. त्या दिवशी कराचीचं नाव बऱ्याचदा निघालं होतं आणि मी शेवटपर्यंत उठलो नव्हतो, हे उतारावर माझ्या लक्षात आलं.

तो प्रश्न विचारावा की नाही, ह्यावर टपरीवर पुढं कितीतरी दिवस बोलणं चाललं. कंडक्टर आपल्या बाजूला ठाम राहिला, फक्त तिकिटाचा दाखला त्यानं सोडला. मला विचाराल तर मी आजही म्हणतो की विचारावा. माझं मत असं एका दुपारीत बदलत नाही. फक्त विचारायचा तर त्या बाईंनी विचारला तसा, पिशवी खाली ठेवून विचारावा, एवढं मी त्यात घालतो. व्याही जाऊन आता बरीच वर्षं झाली. वाडीवरची निम्मी घरं बंद आहेत, लेक मुंबईला मुलाजवळ गेली, आणि सांजच्याला डोंगराच्या टोकावरून आता कुणी हाक मारत नाही. कोट विहीणबाईंनी त्यांच्याबरोबरच दिला. त्यात भरलेली हवा कुठं गेली ते काही कळायला मार्ग नाही.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आंघोळ केली, आणि बायकोनं कुठं म्हणून विचारलं तरी न सांगता वाडीची वाट धरली. दव पडलेलं होतं. व्याही अंगणात शेळ्यांना पाला टाकत होते, आणि त्यांच्या अंगावर कोट होता. मला एवढ्या सकाळी बघून ते दचकले. कुणाचं काही बरंवाईट झालं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. ओटीवर बसलो, टोपी काढली, आणि बाजूला न ठेवता घडी करून खिशात घातली. लेकीनं चहा आणून ठेवला. लयारी येऊन माझ्या धोतराचा सोगा हुंगून गेली.

"व्याहीबुवा," मी म्हटलं, "कराचीत शेळ्या कशा असायच्या?"

त्यांनी हातातला पाला खाली ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसले.